जुनी पिकअप चोरीपासून वाचवायची तर आधी डिझेल अडवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०११ ची डिझेल पिकअप, घर सुदामानगरात, आत गाडी लावायला जागा नाही म्हणून ती रात्रभर रस्त्यावर उभी. पहाटे तीनला चोइथराम मंडीत जायचं, भाजी उचलायची आणि नऊच्या आत दुकानांना पोचवायची. आठवड्यातले काही दिवस ड्रायव्हर चालवतो. मागच्या गल्लीतून एक लोडिंग (मालवाहू) गाडी चोरीला गेली आणि तेव्हापासून घरात कोणाला झोप नाही. पाच-सहा हजार खर्च करायची तयारी आहे, आणि जीपीएस लावू की अलार्मवालं सेंट्रल लॉक, असं तुम्ही विचारलंय.

मी इंदुरात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो आणि माझ्याकडे लोडिंग गाड्याच जास्त येतात. माझं मत असं की सुरुवात या दोन्हींनी करू नका. सेंट्रल लॉक फार तर दार अडवतं. जुन्या पिकअपच्या दाराची काच आणि रबर इतकं सैल झालेलं असतं की माहीतगाराला तिथे फार वेळ लागत नाही. अलार्म वाजला तरी आपल्याकडे रात्री वाजणाऱ्या अलार्मला उठून खिडकीशी येणारे किती, ते तुम्हीच बघा. जीपीएस कामाचा आहे, पण तो गाडी गेल्यावर कुठे गेली एवढंच सांगतो. तुम्ही पहाटे तीनला उठून बघाल तेव्हा गाडी धारच्या पुढे किंवा मानपूरचा घाट उतरून गेलेली असेल. इंदूर एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे. इथून एका रात्रीत महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, तिन्हीकडे गाडी पोचते.

मूळ अडचण वेगळी आहे. नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय कॉम्प्युटर इंजिन चालूच होऊ देत नाही. तुमच्या गाडीच्या काळातल्या बहुतेक लोडिंग गाड्यांत तसं काही नाही. चावीचं काम दोनच: सेल्फला (इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरला) आणि डिझेल पंपाला करंट देणं. ती दोन्ही कामं चावीशिवाय होऊ शकतात. त्यात बारा-चौदा वर्षं वापरलेल्या इग्निशन लॉकच्या आतल्या पट्ट्या इतक्या घासलेल्या असतात की कधी कधी त्याच कंपनीची दुसरी जुनी चावीही त्यात फिरते. चालू गाडीतून तुमची चावी आपोआप बाहेर निघत असेल तर तुमचं लॉक त्याच अवस्थेत आहे. तसं असेल तर नवीन लॉकसेट टाकणं हा सगळ्यात पहिला खर्च धरा.

आता डिझेलबद्दल. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, ती तोडली की इंजिन बंद. जुन्या डिझेलला ठिणगी लागत नाही. एकदा फिरायला लागलं आणि डिझेल मिळत राहिलं की ते बॅटरीशिवायही चालतं. म्हणून बरेच लोक सेल्फच्या वायरमध्ये चोर-स्विच (लपवलेला स्विच) लावून निश्चिंत होतात, ते मला पटत नाही. सेल्फ अडवला तरी उतारावर ढकलून गाडी चालू होते, आणि पिकअप ढकलायला तीन माणसं पुरतात. बॅटरीचा कट-ऑफ (करंट तोडणारा स्विच) लावला तर तो जोडून घ्यायला बॉनेट उघडण्याइतकाच वेळ लागतो. डिझेलच पंपापर्यंत पोचलं नाही किंवा पंपाने ते पुढे सोडलं नाही, तर मात्र ढकलून, ओढून, वायर जोडून काहीही करा, गाडी चालत नाही.

पण डिझेल कसं अडवायचं हे तुमच्या गाडीत कोणता पंप आहे त्यावर ठरतं, म्हणून आधी बॉनेट उघडून बघा. इंजेक्टरकडे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे) जाणारे चार लोखंडी पाइप पंपाच्या टोकाला गोलाकार लावलेले असतील तर तो रोटरी पंप. पंप लांबट असून चारही पाइप वरच्या बाजूला एका ओळीत उभे असतील तर तो इनलाइन पंप. आणि पाइप आधी एका जाड लोखंडी नळीत जात असतील, तिथून इंजेक्टरकडे, आणि प्रत्येक इंजेक्टरला वायरचा सॉकेट असेल, तर ती कॉमन रेल गाडी आहे. २०११ ची पिकअप यांपैकी काहीही असू शकते, मॉडेलवर आहे.

रोटरी पंप असेल तर त्याच्या डोक्यावर एक छोटा सोलेनॉइड (करंटवर चालणारा चुंबकी खटका) असतो, त्याला एकच वायर. चावी ऑन केली की त्याला बारा व्होल्ट मिळतात, आतली पिन उचलली जाते आणि डिझेल पुढे जातं. करंट तुटला की स्प्रिंग पिन खाली दाबते आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे कंपनीने कुलूप घालायची जागा आधीच देऊन ठेवली आहे. त्या वायरमध्ये रिले (दुसऱ्या स्विचच्या इशाऱ्यावर करंट जोडणारी-तोडणारी डबी) टाकायची आणि रिलेचा स्विच केबिनमध्ये लपवायचा. सोलेनॉइड फार करंट ओढत नाही, त्यामुळे साधी पाणी न शिरणारी रिले पुरते. नुसती रिले टाकून मात्र काम अर्धं राहतं. पंप ओळखणारा माणूस बॅटरीवरून सरळ सोलेनॉइडला एक वायर देईल आणि तुमचा स्विच जागच्या जागी राहील. म्हणून मी त्या सोलेनॉइडवर जाड लोखंडी पत्र्याचं टोपण बसवून घेतो. लेथवाला किंवा वेल्डिंगवाला मापाने करून देतो. आतून फायबरचं अस्तर लावायचं, नाहीतर टर्मिनल बॉडीला टेकून फ्यूज उडेल. बोल्ट असे वापरायचे की कसले की डोकं तुटून पडतं आणि पान्याला पकडायला काही राहत नाही. रिलेही त्याच टोपणाच्या आत. आता बाहेरून वायर द्यायला जागाच उरली नाही. छिन्नी-हातोड्याने ते निघेल, पण रात्री वस्तीत छिन्नी-हातोडा चालवत बसणारा चोर दुसरी गाडी शोधतो.

इनलाइन पंप असेल तर इंजिन बंद करायचं काम एक लिव्हर करतो. काही गाड्यांत डॅशबोर्डवरची नॉब ओढून केबलने, काहींत मोटर किंवा सोलेनॉइडने. तो लिव्हर उघडा असतो, हाताने हलवता येतो, त्यामुळे तिथे विजेचं कुलूप फारसं टिकत नाही. अशा गाडीत मी टाकीकडून येणाऱ्या लाइनमध्ये हाताने फिरवायचा कॉक टाकतो.

इंदूरच्या छावणी भागातल्या एका टेंटवाल्याच्या गाडीत असा कॉक होता. रात्री गाडी ढकलत नेली, चालू झाली, आणि पुढच्या चौराह्यापर्यंत जाऊन बंद पडली. फिल्टरमध्ये आणि नळीत उरलेलं डिझेल तेवढंच पुरलं. सकाळी तिथेच मिळाली. बॉनेट वर, फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून डिझेलने ओला, खाली रस्त्यावर डिझेलचा डाग. म्हणजे चोरांनी डिझेलच्या नळीतली हवा काढायचा प्रयत्न केला होता, काम येणारी माणसं होती. कॉक चेसिसच्या आतल्या अंगाला, टाकीच्या मागे होता. अंधारात तो त्यांना सापडला नाही. हवा भरली एवढंच त्यांना वाटलं असणार.

कॉकबद्दल काही गोष्टी नीट लक्षात ठेवा, कारण इथे चुकलं तर गाडीचं नुकसान होतं. पाण्याच्या नळाचा स्वस्त व्हॉल्व्ह आणू नका, त्यातलं रबर डिझेलने फुगतं. डिझेलला चालणारा पितळी बॉल कॉक घ्या आणि त्याचं भोक मूळ नळीपेक्षा लहान नको, नाहीतर चढावर भरलेली गाडी दम तोडेल. जोड जरा जरी सैल राहिला तरी डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि सकाळी गाडी लवकर चालू होत नाही. लोक मग बॅटरीला दोष देत बसतात. कॉक फक्त टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीत टाकायचा. परत टाकीकडे येणाऱ्या रिटर्न नळीत कधीही नाही, तिथे अडवलं तर दाब उलटा वाढतो. आणि तुम्ही स्वतः कॉक उघडायला विसरलात तर मंडीच्या रस्त्यात गाडी बंद पडेल, हवा काढावी लागेल. रोटरी पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, तो वारंवार कोरडा फिरला तर झिजतो. म्हणून रोटरीवर मी टोपण आणि रिले पसंत करतो, इनलाइनवर कॉक.

कॉमन रेल असेल तर कॉक अजिबात नको. तिथला हाय प्रेशर पंप कोरडा चालला तर दुरुस्तीचा खर्च तुमच्या सगळ्या बजेटच्या कितीतरी वर जाईल. पण अशा गाडीत एक सोय आहे: कॉम्प्युटरला करंट मिळाला नाही तर इंजिन काही केल्या चालत नाही, ढकलूनही नाही. त्यामुळे कॉम्प्युटरला करंट देणाऱ्या मेन रिलेच्या नियंत्रणाच्या वायरमध्ये लपवलेला स्विच पुरतो. हे काम मात्र त्या गाडीचा वायरिंग डायग्राम हातात असलेल्याकडूनच करून घ्या. अंदाजाने वायर कापणाऱ्याकडे कॉमन रेल गाडी देऊ नका.

स्विच कुठे लपवायचा हे लोक मला विचारतात. मी सांगत नाही, आणि तुम्हीही मेकॅनिकला सांगू नका. मी लांब वायर सोडतो, टोकं टेपने बांधून देतो, आणि गिऱ्हाइकाने घरी जाऊन ती हवी तिथे नेऊन स्विच लावायचा. दोन स्क्रूचं काम आहे. गॅरेजमध्ये पोरं बदलत असतात. आज माझ्याकडे काम करणारा उद्या कुठे असेल मला माहीत नाही. एवढं सांगतो की स्टिअरिंगच्या खाली, सीटच्या खाली, फ्यूज बॉक्सच्या शेजारी आणि ॲशट्रेच्या मागे बघायची सगळ्यांना सवय आहे. गाडीत आधीच असलेलं एखादं बटण, जसं मागच्या फॉग लाइटचं किंवा केबिनच्या दिव्याचं, त्या कामाला जुंपलं तर ते डोळ्यासमोर असूनही कोणी हात लावत नाही. वायरचा रंग गाडीच्या मूळ वायरिंगसारखाच घ्या, मूळ हार्नेससोबत बांधा, आणि फ्यूज जरूर टाका. फ्यूजशिवायच्या जोड-वायरिंगने गाड्या पेटल्या तर विमावालेही तेच बोट दाखवतात.

रिले पावसात खराब झाली तर गाडी रस्त्यातच थांबेल, ही भीती खरी आहे. म्हणून एक नवी रिले टूलबॉक्समध्ये ठेवा आणि टोपण उघडायचं अवजार घरी. जोड क्रिंप करून वर झाळ आणि स्लीव्ह, नुसती पिळलेली वायर आणि टेप चालणार नाही. पिकअपला धक्के फार बसतात.

बॅटरीचा लाल चावीवाला कट-ऑफ स्विच बाजारात मिळतो. तो घ्या, पण चोरीसाठी त्यावर विसंबू नका. त्या लाल चाव्या बहुतेक एकसारख्याच असतात, एकाची दुसऱ्यात बसते. त्याचा उपयोग शॉर्ट सर्किट टाळायला आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून आहे. इंजिन चालू असताना तो कधी फिरवू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

इथपर्यंतचं सगळं न दिसणारं आहे. एक अडथळा दिसणारा हवा, कारण काच फुटल्यावर आणि लॉक उखडल्यावर गाडी वाचली तरी तुमचा दिवस जातोच. गिअर लॉक, स्टिअरिंगला पेडलशी अडकवायचा दांडा, चाकाचा क्लॅम्प, यातलं काय घ्यावं? सगळ्यात मजबूत कोणतं, त्यापेक्षा तुम्ही आणि तुमचा ड्रायव्हर रोज रात्री थकलेले असताना कोणतं लावाल, हे बघा. चाकाचा क्लॅम्प चांगला, पण पावसाळ्यात चिखलात वाकून पहाटे पावणेतीनला तो काढायचा आहे, हे डोळ्यापुढे आणा. माझ्या अनुभवात लोडिंगवाले क्लॅम्प पहिल्या पावसातच सोडून देतात. गिअर लॉक केबिनच्या तळाला पक्का बसवलेला असतो, केबिनमध्ये बसून एका हाताने लागतो, म्हणून तुमच्यासाठी तोच योग्य वाटतो. चाकातून साखळी घालणार असाल तर स्टिअरिंगला लाल कापड बांधायची सवय लावा. साखळीसकट गाडी पुढे घेतली तर ब्रेकचा पाइप तुटू शकतो.

गाडी कशी उभी करता यालाही महत्त्व आहे, आणि यात पैसे लागत नाहीत. तोंड रस्त्याच्या मोकळ्या बाजूला आणि उताराकडे असेल तर ढकलणं सोपं. तोंड भिंतीकडे किंवा चढाकडे ठेवा, पुढची चाकं पूर्ण वळवून स्टिअरिंग लॉक लावा, गाडी गिअरमध्ये सोडा. शेजाऱ्याची कार मागे लागत असेल तर त्याच्याशी बोलून ती जवळ लावायला सांगा. रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) आदल्या रात्री आणि अनंत चतुर्दशीच्या झाक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो की गाडी नातेवाइकाच्या अंगणात लावा. पोलीस सगळे राजवाड्याच्या बाजूला असतात, गल्लीतली माणसं बाहेर, आणि आवाजात आवाज मिसळून जातो.

पूर्ण गाडी जाण्यापेक्षा बॅटरी, स्टेपनी, डिझेल आणि ताडपत्री जाण्याची तक्रार माझ्याकडे कितीतरी जास्त येते. बॅटरी चेसिसच्या बाजूला बाहेर असेल तर तिच्यावर लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्या आणि कुलूप लावा. स्टेपनीच्या साखळीला दुसरी साखळी, तीही ट्रेच्या आडव्या चॅनेलमधून. टाकीला लॉकवालं झाकण.

आता जीपीएस. वरचं झाल्यावर पैसे उरले तर नक्की लावा. फक्त ४जी वाला घ्या. सिमचा रिचार्ज संपला की तो मुका होतो, त्यामुळे तारीख लिहून ठेवा. करंट बॅटरीवरून सरळ, छोट्या फ्यूजमधून, कट-ऑफ स्विचच्या आधी घ्या. नाहीतर रात्री कट-ऑफ फिरवला की जीपीएसचं स्वतःचं छोटं सेल काही तासांत उतरेल. वर लोखंडी पत्रा आला तर उपग्रहाचा सिग्नल मिळत नाही, प्लास्टिक किंवा काच चालते. डॅशबोर्डच्या मागे सगळे आधी बघतात, जरा कल्पकता दाखवा. सूचना मेसेजने आली तर कोणी उठणार नाही. फोन वाजेल असा पर्याय असलेला घ्या, आणि तो घरातल्या दोघांच्या नंबरवर.

जीपीएसवाले सोबत मोबाइलवरून इंजिन बंद करायची रिलेही देतात. ती चालत्या गाडीचं इंजिन तोडणार नाही अशी सेटिंग आहे ना, हे लावून घेताना स्वतः तपासा. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरवरच असतो. इंजिन थांबलं की दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंतच मदत मिळते, मग पेडल दगडासारखं होतं. भरलेली गाडी रिंग रोडवर तशी सुटली तर समोरच्या निरपराध माणसाचा जीव जाईल. गाडी त्यापेक्षा मोठी नाही.

ड्रायव्हरचं लिहिताना मला संकोच वाटतो, कारण बहुतेक ड्रायव्हर प्रामाणिक असतात आणि त्यांच्या जिवावरच आपला धंदा चालतो. तरी चावीचा हिशोब ठेवावाच लागतो. जुना ड्रायव्हर सोडून गेला की लपवलेल्या स्विचची जागा बदला. वायर लांब सोडलेली असते ती याचसाठी. धुलाईला, पंक्चरवाल्याकडे, गॅरेजला चावी द्याल तेव्हा जुडग्यातून फक्त गाडीची द्या. गाडी विकायला काढली आणि कोणी ट्रायल मागितली तर शेजारी बसून जा. आणि मंडीत माल उतरवताना इंजिन चालू ठेवून खाली उतरणं बंद करा. माझी सगळी रिले, टोपणं, कॉक त्या दोन मिनिटांत निकामी असतात.

विम्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ते यात येतंच. जुन्या गाडीला बरेच जण फक्त थर्ड पार्टी काढतात. त्यात गाडी चोरीला गेली तर एक रुपयाही मिळत नाही. एजंटला पूर्ण विम्याचा दर विचारा, आणि थर्ड पार्टीसोबत आग व चोरी एवढंच झाकणारा मर्यादित विमा मिळेल का तेही. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत ठरलेल्या तक्त्याने निघत नाही, ती कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. तेव्हा हप्ता वाचवायला ती किंमत फार खाली आणू नका. चोरी झाल्यावर तेवढीच हाती येते. एआरएआय या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण असेल तर हप्त्यात सूट आहे, पण ती स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याच्या अडीच टक्के आणि जास्तीत जास्त ५०० रुपये. आपण गॅरेजमध्ये केलेल्या कामाला ती मिळत नाही, तिच्यासाठी महागडं उपकरण घेण्यात अर्थ नाही.

चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी गाडीत ठेवायची सवय असेल तर आज काढा. चावी लावून ठेवलेली गाडी गेली तर दावा अडकतो. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दर वर्षी करावं लागतं. तुमचं संपलेलं असेल तर ते आधी करा, कारण कागद अपुरे असले की कंपनीला वाद घालायला जागा मिळते. मूळ आरसी गाडीत ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधली प्रत तपासणीत कायद्याने चालते. मूळ आरसी चोराच्या हातात म्हणजे गाडी विकायला त्याला तुम्हीच कागद दिलात.

एक काम या रविवारी करून टाका, फुकट आहे. चेसिस नंबरचा फोटो काढा आणि आरटीओत करतात तसा पेन्सिलने कागदावर ठसा घ्या. इंजिन नंबर, गाडीवरचे ओरखडे, ट्रेवरचं वेल्डिंग, टायरचे नंबर, सगळ्यांचे फोटो. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटवर लेझरने कोरलेला नंबर असतो, तोही लिहून ठेवा. जुन्या पिकअप बऱ्याचदा सुटे भाग करून भंगारात जातात, कारण गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलला गिऱ्हाईक असतं. म्हणून गिअरबॉक्स, एक्सल आणि ट्रेच्या चॅनेलवर गाडीचा नंबर पंच करून घ्या. काचांवरही कोरता येतो. फास्टॅगला तुमचाच चालू मोबाइल नंबर आहे ना बघा. गाडी कुठल्या टोलवरून गेली तो मेसेज सगळ्यात आधी तुम्हाला यायला हवा, जुन्या मालकाला नव्हे.

तुमच्या बजेटचा क्रम मी असा लावेन: लॉक घासलेलं असेल तर लॉकसेट, मग डिझेलचं काम, मग गिअर लॉक, बॅटरी-स्टेपनीचं वेल्डिंग, आणि उरलेल्यात जीपीएस. उरलं नाही तर जीपीएस दिवाळीनंतर.

तरीही गाडी गेलीच तर शोधत फिरण्यात सकाळ घालवू नका. लगेच ११२ ला फोन, मग एफआयआर. मध्य प्रदेश पोलिसांच्या पोर्टलवर वाहनचोरीचा ई-एफआयआर घरबसल्याही करता येतो. आता हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये येतो, जुना ३७९ गेला. जीपीएसवर गाडी एखाद्या जागी उभी दिसली तरी एकटे जाऊ नका. माग लागतो का ते बघायला चोरलेली गाडी अनेकदा काही तास कुठेतरी सोडून ठेवतात आणि लांबून नजर ठेवतात. ठिकाण पोलिसांना दाखवा, त्यांच्यासोबत जा. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. एफआयआर वेळेत असेल आणि कंपनीला कळवायला उशीर झाला, तर एवढ्याच कारणावरून खरा दावा नाकारता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगितलं आहे. पण ते भांडण ओढवून घेण्यापेक्षा त्याच दिवशी कळवलेलं बरं. कर्ज बाकी असेल तर बँकेला, आणि आरटीओलाही अर्ज, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर चढणार नाही. गाडी सापडली नाही तर पोलिसांचा खात्मा रिपोर्ट (तपास बंद केल्याचा अहवाल) लागतो, त्याशिवाय विम्याचे पैसे सुटत नाहीत. त्यासाठी ठाण्यात पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

बॉनेट उघडून पंपाचा आणि त्याच्यावरच्या वायरचा दिवसाच्या उजेडात फोटो काढून पाठवलात तर रिले नेमकी कोणत्या वायरवर घ्यायची आणि टोपणाचं माप काय, ते मी सांगतो. गाडीचा नंबर त्यात दिसू देऊ नका.